वांग्याच्या पानात शिवलेलं घरटं, आत तांबडी अंडी. औषध मारू का?

निपाणीजवळ आमचं शेत. घरच्यापुरती वांगी लावलीत. कडेच्या सरीत एका झाडाची दोन पानं कुणी सुईदोऱ्यानं टाचावीत तशी जोडलेली दिसली. वाकून बघितलं तर आत घरटं, गुडघ्याच्याही खाली. चार अंडी, विटकरी तांबडी, चकचकीत. पक्षी चिमणीहून बारीक, पाठ राखाडी, पोट तांबूस-पिवळं, शेपूट सारखं वर. जवळ गेलं की ओरडून कान किटवतोय. सासूबाई म्हणतात शिंपी हाय. इकडं शेंडे वाळायला लागलेत, औषध मारायचं ठरलंय. आमचे हे म्हणतात, पाखरासाठी वांगी घालवायची काय? कसं करू?

उत्तर १ (बेळगाव)
ताई, शिंपी पण पानं शिवतो, पण त्याच्या अंड्यांवर ठिपके असतात. बिनठिपक्याची विटकरी अंडी म्हणजे राखी वटवट्या. डोळा तांबूस आहे का बघा, आणि झुडपातून उडताना टक-टक वाजतं का ऐका. अंडी साधारण 12 दिवसांत फुटतात. पानं उघडून बघू नका, टाके तुटतात.

उत्तर २ (अथणी)
आमच्या माळावर बोरी-बाभळीत हा कायम. अस्सल दख्खनचा गडी. साइक्स नावाच्या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्यानं 1832 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं, ते इथल्याच दख्खनी पक्ष्यांवरून. औषधाचं मला विचारू नका, आमच्यात ऊसच.

उत्तर ३ (चिकोडी)
वटवट्या किडे खातो म्हणून त्याच्यावर वांगी सोडू नका. शेंडा पोखरणारी अळी आत बसते, त्याच्या चोचीला लागत नाही. वाळके शेंडे अळीसकट खुडून पुरून टाका, झाडाखाली टाकलात तर उपयोग नाही. कामगंध सापळे लावा, मादीच्या वासानं नर पतंग ओढून धरणारे. दुकानात ल्युअर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, मागताना वांग्याच्या शेंडे अळीचीच मागा, नाहीतर दुसऱ्याच किडीची गळ्यात मारतात. औषध मारायचंच तर घरट्याच्या बाजूच्या सऱ्या सोडा नि वारा बघा. पिल्लांना दोघंही नर-मादी किडेच भरवतात, फवारलेला किडा सरळ त्यांच्या पोटात.

प्रश्नकर्ती
डोळा तांबडाच हाय. टक-टक पण ऐकलं. उद्या शेंडे खुडायला घेते, दोन सऱ्या सोडायला हे तयार झालेत. सासूबाई अजून शिंपीच म्हणतात. एवढ्याशा वांग्याला सापळे किती लागतील?