चाव्यांचा फ्लूट आणि मींड
चाव्यांच्या पाश्चात्य फ्लूटवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं) येतच नाही, म्हणून तिकडचे लोक बासरी शिकतात ती नुसती हौस, असं कुणीतरी म्हटलं, ते अर्धंच पटलं. ओपन होल फ्लूटच्या पाच चाव्यांना मधोमध भोक असतं, चावी दाबलेलीच ठेवून बोट हळूहळू कडेला सरकवलं की स्वर वर सरकतो, आता बासरीइतकी लांब मींड नाही मिळत हे खरं, आणि धातूची कड बोटाला टोचते ती वेगळीच. रॉबर्ट डिक या फ्लूटवादकाने तर त्यासाठी सरकणारा हेडजॉइंटच (फ्लूटचा फुंकायचा वरचा भाग) काढला, पण ती कल्पना सुचली इलेक्ट्रिक गिटारच्या व्हॅमी बारवरून (स्वर वरखाली ओढायची दांडी), आपल्या बासरीवरून नाही!

आणि हौस म्हणाल तर आँरी तूर्निएचं काय? मूळचा पाश्चात्य क्लासिकल फ्लूटवाला, नव्या संगीतातही वाजवणारा, तो हरिप्रसाद चौरसियांकडे बासरी शिकला, मग नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या कॉन्झर्व्हेटरीत (संगीत महाविद्यालयात) त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागला, वर त्यांच्या इम्प्रोव्हायझेशनवर (ऐनवेळी सुचेल तसं रागात वाजवण्यावर) अख्खं पुस्तक लिहिलं, त्यांचं वादन स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्य पाच रेषांच्या स्वरलिपीत, उतरवून. त्या लिपीत मींड कितपत उतरते यावर भांडू हवं तर, पण तेवढं ऐकून लिहून काढायला बसणारे आपल्याकडचे तरी किती आहेत सांगा.