पार्टांची यादी नसलेला पीसीबी: चार ट्रान्झिस्टर, पाच डायोड, चार पॉट. कुठून सुरुवात करू?

सहावी तार

नमस्कार मंडळी. एका मित्राने गिटारचे पेडल (आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या पेट्या) बनवण्याचा नाद सोडला आणि त्याच्याकडचे रिकामे पीसीबी (पार्ट बसवायचे छापील बोर्ड) मला देऊन टाकले. त्यातल्या एकाने माझी झोप उडवली आहे. बोर्डावर नाव नाही, विकणाऱ्याची खूण नाही, कोपऱ्यात फक्त 'व्ही३' एवढंच. आर१ ते आर२५ (रेझिस्टर), सी१ ते सी१५ (कपॅसिटर), क्यू१ ते क्यू४ (ट्रान्झिस्टर), डी१ ते डी५ (डायोड) असे क्रमांक नीट छापलेत, पण एकाही पार्टची व्हॅल्यू नाही. आयसी नाही. कडेला आय, ओ, जी आणि ९व्ही असे पॅड. पॉटसाठी (नॉबने फिरवायचे बदलते रेझिस्टर) तीन-तीन छिद्रांचे चार गट आहेत, त्यातल्या तिघांवर एस, टी, व्ही ही अक्षरं आणि चौथ्यावर काहीच नाही.

मित्राला विचारलं, त्यालाही आठवत नाही. यादीची फाइल ज्या पानावर होती ते पान आता उघडत नाही म्हणे.

माझ्याकडे मल्टिमीटर आहे, रेझिस्टरचा बऱ्यापैकी साठा आहे, १एन४१४८ डायोड आहेत, ट्रान्झिस्टर म्हणाल तर २एन५०८८ आणि बीसी५४९ दोन्ही आहेत. सोल्डरिंग येतं, दोन-तीन किट पूर्ण केलेत, पण ती सगळी यादी समोर ठेवून. स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) वाचायची सवय कमी. अंदाजाने व्हॅल्यू घालून बघितल्या तर चालेल का? की हा बोर्ड सोडून द्यावा?

गरम टोक

सोडू बिडू नका. एस म्हणजे सस्टेन, टी टोन, व्ही व्हॉल्यूम, म्हणजे हा फझ (गिटारचा आवाज फाडणारा पेडल) आहे. ट्रान्झिस्टर आणि डायोडच्या जागी सॉकेट लावा, मग वाटेल ते बदलून ऐकता येतं. रेझिस्टर एखाद्या जवळच्या स्कीमॅटिकवरून घाला. ९ व्होल्टवर फार काही जळत नाही, फक्त वीज उलटी जोडू नका.

तांब्याची वाट

सॉकेटचा सल्ला चांगला आहे. पण 'जवळच्या स्कीमॅटिकवरून घाला' याला माझा विरोध आहे. या बोर्डावरचा आर७ आणि दुसऱ्या कुणाच्या स्कीमॅटिकमधला आर७ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. क्रमांक ज्याने त्याने आपल्या मनाने दिलेले असतात.

आधी ओळख पटवू. आयसी नाही, चार ट्रान्झिस्टर, एस-टी-व्ही आणि डायोडच्या दोन जोड्या. हे बिग मफ नावाच्या फझ पेडलचं घराणं आहे. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने १९६९ च्या सुमारास तो पेडल काढला आणि पुढे त्याच सांगाड्यावर व्हॅल्यू बदलून कितीतरी आवृत्त्या निघाल्या. म्हणूनच असे बोर्ड काढणारे बरेचदा व्हॅल्यू छापत नाहीत. बोर्ड एकच असतो, आवृत्ती आपण निवडायची. इथवर मला मान्य आहे. पण सोबत स्कीमॅटिक न देता बोर्ड विकणं मला अजिबात मान्य नाही. यादी हरवली तर ती पुन्हा करता येते, स्कीमॅटिक नसेल तर घेणारा अंधारात राहतो.

तुमच्या हातात एक फार मोठी सोय आहे: बोर्ड रिकामा आहे. पार्ट लावलेल्या बोर्डावर मीटर रेझिस्टरमधून, डायोडमधून भलतीच वाट काढतो. रिकाम्या बोर्डावर बीप वाजला म्हणजे तिथे तांबंच आहे, दुसरं काही असूच शकत नाही. तेव्हा उलगडा पूर्ण होईपर्यंत एकही पार्ट लावू नका.

दोन्ही बाजूंचे फोटो सरळ वरून घ्या. मागच्या बाजूचा फोटो आडवा उलटवा आणि पुढच्या फोटोवर अर्धा पारदर्शक करून ठेवा. छिद्रं जुळली की ट्रेस (तांब्याच्या रेघा) कुठून कुठे जातात ते दिसू लागतं. बोर्डाचा मोठा भाग तांब्याने भरलेला असेल तर तो बहुधा ग्राउंड, म्हणजे विजेची मायनस बाजू. ग्राउंडला जोडलेल्या पॅडभोवती चार बारीक पट्ट्या दिसतात, न जोडलेल्या पॅडभोवती पूर्ण कडं मोकळं असतं. डोळ्यांना शंका आली की मीटर लावा.

मग 'जी' (ग्राउंड) वर मीटरचं एक टोक धरा आणि दुसरं टोक प्रत्येक पॅडवर फिरवा. जिथे बीप तिथे खूण. नंतर डी५ पाशी बघा: त्याचं एक टोक ग्राउंडला असेल तर तो ९ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये आडवा आहे, आणि डायोडवरच्या पट्टीची बाजू ९ व्होल्टकडे जाते. दोन्ही टोकं ग्राउंडपासून मोकळी असतील तर तो वाटेतच बसलाय आणि पट्टी आतल्या बाजूला हवी. ही एक गोष्ट चुकली तर पहिल्या मांडणीत अॅडाप्टर शॉर्ट होतो, दुसऱ्यात पेडलला वीजच मिळत नाही.

एवढं झालं की 'आय' (इनपुट) पासून पुढे चालत जा. बिग मफमध्ये काय दिसायला हवं ते सांगतो (कलेक्टर, बेस, एमिटर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय). क्यू१ ते क्यू३ यांची रचना जवळजवळ सारखीच असते: कलेक्टरपासून बेसला एक मोठा रेझिस्टर, त्याच्याशी समांतर एक छोटा कपॅसिटर, बेसपासून ग्राउंडला एक रेझिस्टर, एमिटरपासून ग्राउंडला एक, कलेक्टरपासून विजेला एक. क्यू२ आणि क्यू३ ला याशिवाय कलेक्टर आणि बेसच्या मध्ये एक कपॅसिटर आणि त्याच्या मागे उलटसुलट लावलेले दोन डायोड असतात. आवाज तिथे फाटतो, एकदा क्यू२ ला आणि पुन्हा क्यू३ ला, म्हणून तो दाट, लांबत जाणारा सस्टेन मिळतो. मग टोन, आणि टोनमध्ये घटलेला आवाज भरून काढायला क्यू४.

कागदावर प्रत्येक जोडणी लिहा, 'आर५ चं एक टोक क्यू१ बेस, दुसरं ग्राउंड' अशी. सुबक चित्र नंतर काढता येईल. व्हॅल्यू काय घालायच्या ते मग बोलू, कारण तोवर आर५ चं काम काय आहे हे तुम्हालाच कळलेलं असेल.

सहावी तार

मनापासून आभार. सांगितलंत तसंच केलं आणि खरंच सगळं हळूहळू जागेवर येत गेलं. क्यू१, क्यू२, क्यू३ तुमच्या वर्णनाशी तंतोतंत जुळतात. कागदावर तीनदा तीच रचना येताना बघून वेगळाच आनंद झाला.

दोन जागा मात्र सुटत नाहीत. पहिली, डी५ ची दोन्ही टोकं ग्राउंडपासून मोकळी आहेत. एक ९व्ही पॅडला जातं, दुसरं आर२४ ला, आणि आर२४ च्या पलीकडे सी१४, सी१५ ग्राउंडला. दुसरी, बिनअक्षराचा पॉट. त्याचं मधलं आणि १ नंबरचं छिद्र एकमेकांना जोडून ग्राउंडला गेलंय. ३ नंबर आर२० ला जातं. आर२० चं दुसरं टोक सी१० ला आणि टोन पॉटच्या ३ नंबरला. हे मी बघितलेल्या एकाही बिग मफमध्ये नाही.

तांब्याची वाट

उत्तम काम केलंत. दोन्ही कोडी तुम्हीच जवळजवळ सोडवली आहेत.

डी५ वाटेत आहे, म्हणजे तिथे शॉट्की डायोड घाला, १एन५८१७. साध्या सिलिकॉन डायोडमध्ये साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट जातात, यात बरेच कमी. आर२४ १०० ओहम, सी१४ १०० मायक्रोफॅरड, सी१५ १०० नॅनोफॅरड, ही वीज गाळायची चाळणी. सी१४ ची ग्राउंडकडची बाजू निगेटिव्ह. चौकोनी पॅड बहुधा प्लस असतो, पण 'बहुधा' वर इलेक्ट्रोलिटिक (प्लस-मायनस असलेला, सी१४ सारखा कपॅसिटर) लावू नका, मीटरने ग्राउंड शोधा.

आता तो पॉट, या बोर्डाची खरी गंमत. बिग मफच्या टोनमध्ये दोन वाटा असतात. एक खर्जाची: ३९ के (किलोओहम) आणि १० नॅनोफॅरड, कागदावर सुमारे ४०० हर्ट्झच्या वर घसरत जाणारी. दुसरी तीव्र स्वरांची: ३.९ नॅनोफॅरड आणि ग्राउंडला २२ के, सुमारे १८५० हर्ट्झच्या खाली घसरत जाणारी. टोन पॉट या दोघींच्या मधे फिरतो. मधोमध ठेवला की १००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. एकट्याने वाजवताना तो खड्डा गोड लागतो, पण ड्रम आणि बेस सोबत आले की गिटार कुठे गेली ते कळत नाही. या पेडलविरुद्धची नेहमीची तक्रार तीच आहे.

तुमच्या बोर्डावर त्या २२ के च्या जागी आर२० आणि पॉट एकापाठोपाठ आहेत. आर२० १० के घाला, पॉट २५ के लिनियर. पॉट शून्यावर असताना दुसरी वाट साधारण ४ किलोहर्ट्झपासून सुरू होते, खड्डा रुंद. पूर्ण ३५ के झाल्यावर ती साधारण ११५० हर्ट्झपर्यंत खाली येते आणि खड्डा बराचसा भरतो. म्हणजे हा मिड्सचा (मधल्या स्वरांचा) नॉब आहे. ज्याने कुणी हा बोर्ड आखला त्याने बँडमध्ये वाजवून आखलाय असं मला वाटतं.

बाकी व्हॅल्यू: कलेक्टर-बेस रेझिस्टर ४७० के, समांतर छोटा कपॅसिटर ४७० पिकोफॅरड, बेस ते ग्राउंड १०० के, पहिल्या तिघांचे एमिटर १०० ते १५० ओहम, कलेक्टर १२ के. आय नंतरचा आर२ ३९ के, क्यू२ आणि क्यू३ च्या आधीचे ८.२ के, सस्टेनच्या खालचा १ के. क्यू४ ला वर ४७० के, खाली १०० के, कलेक्टर १० के, एमिटर २.७ के. वाटेतले कपॅसिटर १०० नॅनोफॅरड. एस, टी, व्ही तिन्ही १०० के. आर१ थेट 'आय' ते ग्राउंड दिसतोय, तो १ मेग. आर२५ एलईडीचा, ४.७ के.

ट्रान्झिस्टर लावताना थांबा. चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर २एन५०८८ चे पाय डावीकडून एमिटर-बेस-कलेक्टर, आणि बीसी५४९ चे कलेक्टर-बेस-एमिटर. बोर्डावरची अर्धगोल आकृती कोणासाठी काढली आहे ते तिच्याकडे बघून कळत नाही. तुमच्या कागदावर मात्र लिहिलेलं आहे: १०० ओहमवाला पॅड एमिटर. त्याच्यावर विश्वास ठेवा. उलटा लावला तर आवाज पूर्ण बंद होईलच असं नाही, तो मरगळलेला येतो आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

चौथा सूर

एक भर. प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मीटरवर मोजा, पाकिटावर काय लिहिलंय ते बघू नका. आणि गिटारच्या वायरीच्या टोकाला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावून, ती वायर अँपला जोडून एक प्रोब करून ठेवा. ग्राउंड ग्राउंडला, कपॅसिटरचं मोकळं टोक क्यू१, क्यू२ असं पुढे पुढे लावत जायचं. अँपचा आवाज अगदी कमी ठेवा. आवाज कुठे गायब होतो ते कानालाच कळतं.

सहावी तार

सगळं लावलं, मिड्सच्या पॉटला वायरी जोडल्या. आवाज येतोय, पण तुटक, जोरात छेडलं तरच थोडा, लगेच घुसमटतो. प्रोब लावला, क्यू२ च्या कलेक्टरपर्यंत दणदणीत फझ आहे, क्यू३ च्या पुढे बिघडतो. व्होल्टेज मोजले. डायोड आणि आर२४ च्या पुढे ८.९. क्यू१ कलेक्टर ४.२, बेस ०.६४. क्यू२ तसाच. क्यू३ कलेक्टर ८.७, बेस ०.१८. क्यू४ कलेक्टर ५ च्या आसपास. क्यू३ गेलाय का?

तांब्याची वाट

क्यू३ बहुधा ठणठणीत आहे. सिलिकॉन ट्रान्झिस्टर जागा व्हायला बेसवर ०.६ च्या आसपास लागतात, त्याला ०.१८ च मिळताहेत, म्हणून तो झोपलाय आणि कलेक्टर विजेला चिकटलाय. आता आकडा बघा: ८.९ व्होल्ट १२ के आणि ४७० के मधून येऊन १० के वर पडले तर बेसवर बरोबर ०.१८ येतात. १०० के असते तर ट्रान्झिस्टर कधीच जागा झाला असता. बेस ते ग्राउंडचा रेझिस्टर बघा. निळ्या अंगाच्या पाच पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये १० के आणि १०० के यांच्यात चौथ्या पट्टीचाच फरक असतो, एक लाल, दुसरी नारिंगी. दिव्याखाली त्या जवळजवळ एकच दिसतात. वीज काढून, त्याचं एक टोक उचलून मोजा.

सहावी तार

९.९ के! पाकिटावर १०० के लिहिलेलं आहे आणि आतले सगळेच १० के चे निघाले, इतर जागी जुन्या साठ्यातले लावले होते म्हणून ते वाचले. बदलला. क्यू३ कलेक्टर ४.३, बेस ०.६४. आणि आवाज... एक स्वर छेडून हात काढला तरी तो टिकून राहतो. मिड्सचा नॉब अगदी तुम्ही म्हणालात तसा काम करतो, फक्त उलटा: उजवीकडे फिरवला की मिड्स कमी होतात.

तांब्याची वाट

अभिनंदन! उलटा असणारच, बोर्डावर १ आणि मधलं जोडून ग्राउंडला आहे, त्यामुळे उजवीकडे फिरवलं की रेझिस्टन्स कमी होतो. वायरीच आहेत तर पॉटच्या १ आणि ३ वरच्या वायरींची अदलाबदल करा, नॉब सुलटा होईल.

आणि एक विनंती. दोन्ही बाजूंचे फोटो, जोडण्यांचा कागद आणि घातलेल्या व्हॅल्यू इथेच टाका. वर 'व्ही३', पॅडची अक्षरं आणि 'बिनअक्षराचा चौथा पॉट' असं ठळक लिहा. हाच बोर्ड आणखी कुणाच्या खणात पडलेला असेल, तो याच शब्दांनी शोधेल.