दोष मुलांचा कमी, कागदाचा जास्त

कॉलेजच्या गट-प्रकल्पात आणि सादरीकरणात मुलांनाच एकमेकांना गुण द्यायला लावलं, की 'मुलं एकमेकांना सरसकट दहापैकी दहा देतात' अशी शिक्षकांची तक्रार असते. ती रास्तच आहे. पण गुण मागणारा कागद नीट आखला, तर हे टळतं. होस्टेलची खोली एक असली की गुणही एकच पडणार!

चौघांच्या गटात प्रत्येकाच्या हाती ३० गुण द्या. ते त्यानं उरलेल्या तिघांत वाटायचे, स्वतःला काही नाही. ज्याला तिघांकडून मिळून जेवढे मिळाले, त्या बेरजेला ३० नं भागा; हा त्याचा गुणक. गटाच्या गुणांना त्यानं गुणलं की त्याचे गुण. गटाला तुम्ही २० पैकी १६ दिले आणि एखाद्याला २४ मिळाले, तर ०.८ गुणिले १६, म्हणजे १२.८. गुणक १.१ च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर ४० मिळवणारा थेट २१ च्या पुढं जातो. गुणवाटपाच्या चिठ्ठ्या घडी घालून वर्गातच घ्या. घरी नेल्या की वाटाघाटी सुरू.

ऐकणाऱ्यांना 'सादरीकरण कसं वाटलं' विचारूच नका. समजा विषय लातूर-बीडकडच्या बोअरच्या पाण्याचा कठीणपणा आहे. मग विचारा: आलेखाच्या अक्षांवर एककं होती का? ईडीटीए टायट्रेशनमध्ये (पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोजायची पद्धत) पीएच १० चा बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) का घालतात, हे सांगितलं का? उत्तर हो किंवा नाही.

आणि ऐकणाऱ्यांच्या गुणांची सरासरी नको, मध्यक घ्या, म्हणजे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा. ९, ८, ८, ९, २ ची सरासरी ७.२ येते, मध्यक ८. रुसव्यातून दिलेले ते २ तिथंच गळतात.