वाढत्या वयाच्या पोरांचं पोट आणि महिन्याचा किराणा

भाकरतुकडा :
काल इथे एका ताईंनी लिहिलं की चार हजारात वाढत्या मुलाचं महिन्याचं पौष्टिक जेवण आरामात होतं, ज्यांना जमत नाही त्या आया आळशी आहेत. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितेय. ताई, तुमच्या यादीत सकाळी वाटीभर ओट्स आणि रात्री सूप-सॅलड आहे, ते माझ्या सोळा वर्षांच्या मुलासमोर ठेवलं तर अर्ध्या तासात तो परत डबे उघडून बघणार. आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) 2020 चं कोष्टक बघा, 16 ते 18 च्या मुलाला दिवसाला 3320 कॅलरी आणि बैठं काम करणाऱ्या बाप्याला 2110, म्हणजे बापाच्या दीडपट पोराला लागतं, आणि आपल्याकडे अजून "बाबांना आधी वाढ" चालू आहे. स्वस्त आणि पोटभर म्हणजे ज्वारीची भाकरी, मटकी-हरभऱ्याची उसळ, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, ताक. फक्त ते करायला वेळ लागतो, आणि तो कुणाचा जातो हे तुमच्या चार हजारात धरलेलंच नाही.

उसळवाला_पुणे :
वेळेचं रडगाणं नको. कडधान्य रात्री भिजत घालायला दोन मिनिटं लागतात, कुकरला शिट्ट्या झाल्या की झालं. आमच्या आईने गिरणीत डबल ड्युटी असलेल्या माणसाच्या घरात चार पोरं वाढवली, तक्रार ऐकली नाही कधी.

भाकरतुकडा :
तुमच्या आईला तक्रार करायची सोय होती का, हे विचारलंत कधी? मी सकाळी सातची लोकल पकडते, रात्री आठला घरी. भाकऱ्या थापायला तुम्ही येणार का?

हिशोबी :
भांडू नका, हिशोब करा. त्या वयाच्या मुलाला प्रोटीन 55 ग्रॅम धरतात. दिवसभरात दोनशे ग्रॅम पिठाच्या पोळ्या-भाकऱ्या खाल्ल्या तर वीसेक ग्रॅम तिथेच, पन्नास ग्रॅम हरभराडाळीतून दहा, मूठभर शेंगदाण्यातून सात, अर्धा लिटर दुधातून सोळा. झालं की. धान्य आणि डाळ एकत्र खाल्लं की एकातली कमी दुसरं भरून काढतं, आपली वरणपोळी आणि खिचडी त्यासाठीच. डबाभर पावडरचे दोन-तीन हजार घालवू नका. घाई असेल तर दोन अंडी, बारा ग्रॅम.

अंडंबंदी :
अंडी लिहिणं सोपं आहे हो. आमचा घरमालक घरात अंडं उकडू देत नाही, भाड्याच्या करारात तसं लिहून घेतलंय. मुलगा फुटबॉल खेळतो, मैदानाबाहेरच्या गाडीवर उकडलेली अंडी खाऊन तोंड धुऊन घरी येतो. ही काय पद्धत झाली?

उसळवाला_पुणे :
सोसायटीचे नियम पाळायचे नसतील तर दुसरीकडे घर बघा. आणि शाळेत अंडी देऊन सगळ्यांची मुलं बाटवायचा प्रकार तर मला अजिबात पटला नव्हता.

लातूरची_बाई :
बाटवायचा??? 2023 ला आठवड्यातून एक अंडं सुरू झालं, जे खात नाहीत त्यांना केळं होतं, कोणाच्या तोंडात कोंबलं नाही. आणि 2025 च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी काढून घेतला, लोकवर्गणीतून करा म्हणाले. आमच्या वस्तीत कोण वर्गणी देणार? बरं, पोषण आहार आठवीपर्यंतच, म्हणजे पोरं जिथे खरी उंच व्हायला लागतात, तिथेच ताट काढून घेतलं. माझी मुलगी नववीत गेली आणि दुपारचं गरम जेवण बंद झालं, आता डब्यात चटणी-पोळी. तुमच्या सोसायटीच्या नियमांपेक्षा हे मोठं आहे, दादा.

उसळवाला_पुणे :
नववीनंतरही जेवण द्यावं हे मान्य. अंड्याचं मान्य नाही.

लातूरची_बाई :
तेवढं मान्य केलंत तेही पुष्कळ. आता मुलींचं बोला, इथे सगळे मुलग्यांचंच पोट मोजतायत. पाळी सुरू झालेल्या पोरीला लोह लागतं आणि घरोघरी भाजी तिच्या ताटात सगळ्यात कमी. पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवल्याजेवल्या चहा देऊ नका, शाळेतली लोहाची गोळी टाकून देऊ देऊ नका.

भाकरतुकडा :
अंड्याचा धागा वेगळा काढा प्लीज. मला सांगा, संध्याकाळी क्लासला निघताना काय देऊ? रोज वडापावला पैसे मागतो.

हिशोबी :
सुट्टीच्या दिवशी भाजणी दळून आणून ठेवा, थालीपीठ तो स्वतः लावेल, सोळा वर्षांचा आहे. नाहीतर उकडलेले शेंगदाणे आणि केळी.

उसळवाला_पुणे :
पोरगा स्वतः करेल?

भाकरतुकडा :
करेल. उद्यापासून कडधान्य भिजत घालायचं कामही त्याचंच.