बद्रीनाथच्या पुढे सतोपंथ : वय ४८, बीपीची गोळी, आई सोबत. जमेल का?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. येत्या पितृपक्षात आईला घेऊन बद्रीनाथला निघतोय. वडील गेले, त्यांचं वर्षश्राद्ध उरकलं, आता ब्रह्मकपाळला पिंडदान करायचं आईने मनावर घेतलंय. ती ७४ वर्षांची. बायको बरोबर आहे.

आता माझी भानगड. वडील १९८८ साली यात्रा कंपनीच्या बसने बद्रीनाथला गेले होते. माणा गावापर्यंत पोचले, भीमपूल पाहिला, तिथे कुणीतरी बोट करून दाखवलं की पांडव याच बाजूने सतोपंथला गेले, पुढे स्वर्गारोहिणी. बस चारला सुटणार होती, त्यामुळे मागे फिरले. त्यानंतर घरात कुठलंही काम अर्धवट राहिलं की ते म्हणायचे, "आमचं सतोपंथ झालं." गच्चीचं वॉटरप्रूफिंग आठ वर्षं सतोपंथ होतं.

तर मला तिथे जायचंय. सतोपंथच्या तलावावर एक तर्पण, बाकी काही नाही. कळसूबाई वर्षातून दोनदा होते, अडीच तासांत माथा. रतनगड, हरिहर झालेत. बीपीची एक गोळी चालू आहे. एक एजंट म्हणतो, दोन रात्री तीन दिवसांत करून आणतो. तेवढे दिवस आई आणि बायको बद्रीनाथलाच थांबतील असा विचार आहे. कुणी गेलंय का? खरं काय ते सांगा.

---

चहाबाज (डोंबिवली)

आधी एक नावाचा घोळ मिटवून घ्या, कारण मी त्यात सापडलो होतो. सतोपंथ नावाचं ७,०७५ मीटरचं शिखर आहे, त्याला गंगोत्रीकडून जातात, ते दोर-कुऱ्हाडीवाल्या गिर्यारोहकांचं काम. तुमचा तो सतोपंथ ताल, बद्रीनाथहून. तीच गत स्वर्गारोहिणीची. नकाशावर त्या नावाची शिखरं हर की दूनच्या खोऱ्यात, पार यमुनेच्या बाजूला आहेत. बद्रीनाथचे लोक तलावापुढच्या बर्फाच्या पायऱ्यांसारख्या उताराला स्वर्गारोहिणी म्हणतात. मी फोनवर नुसतं "सतोपंथ" म्हणालो आणि समोरच्याने मला आइस अ‍ॅक्स वापरता येते का विचारलं. मी म्हटलं, फार तर अडकित्ता येतो.

---

सज्जनगडची (सातारा)

मी दोनदा गेलेय. २०१९ ला तलावाआधीच्या मुक्कामाहून, चक्रतीर्थाहून परत आले, २०२३ च्या सप्टेंबरात पोचले. तेव्हा ५१ वर्षांची होते, म्हणजे तुमच्याहून मोठीच. त्यामुळे वयाचं सोडा. तीन दिवसांत करून आणणाऱ्या एजंटाला मात्र हात जोडा आणि सोडून द्या.

आईंना बद्रीनाथला ठेवू नका. ३,१०० मीटर उंची, संध्याकाळी वारा सुटला की खोलीतसुद्धा कानटोपी काढवत नाही, आणि पितृपक्षात ब्रह्मकपाळची गर्दी असते. पिंडदान आधी करून घ्या, त्यासाठी दोन रात्री बद्रीनाथला काढाल त्यात तुमचंही शरीर उंचीला रुळेल. मग त्या दोघींना खाली पांडुकेश्वरला पाठवा. ते साधारण १,९०० मीटरवर आहे, बद्रीनाथहून वीस-पंचवीस किमी. योगध्यान बद्रीचं देऊळ आहे, थंडीत बद्रीनाथाची उत्सवमूर्ती तिथे येते. पंडुराजाने तप केलं म्हणून पांडुकेश्वर असं सांगतात, म्हणजे गोष्टीतला बापही तिथेच आहे. तुमच्या आईंना आवडेल. फक्त मधल्या लांबगडच्या पट्ट्यात दरड येते, म्हणून परतीच्या गाडीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा.

आता वाट. परवानगी जोशीमठहून निघते, स्थानिक गाईड ते करतो, तुम्ही ओळखपत्राच्या प्रती आणि फोटो जास्तीचे ठेवा. गाईडशिवाय जाऊ नका. का ते पुढे येईल.

पहिला दिवस सुखाचा. बद्रीनाथहून अलकनंदेच्या अलीकडच्याच काठाने माता मूर्तीच्या देवळावरून आनंदवन, चमतोली असं करत लक्ष्मीवन. नदीपलीकडे माणा गाव, पुढे वसुधारा धबधबा उलट्या काठावर दिसतो. वडील भीमपुलावर म्हणजे त्या पलीकडच्या काठावर उभे होते, हे जाताना लक्षात ठेवा. लक्ष्मीवनात भूर्जाची झाडं आहेत, सालीचे पापुद्रे सुटलेली. ती सोलू नका. भूर्जपत्र आठवण म्हणून आणणारे खूप आहेत, झाडं थोडी आहेत.

दुसऱ्या दिवशी उजव्या हाताला हिमनदी येते. समोर सतोपंथ आणि भगीरथ खरक या दोन हिमनद्यांची तोंडं, तिथून अलकनंदा निघते. मी कल्पनेत निळा-पांढरा बर्फ धरून चालले होते. प्रत्यक्षात मातकट, दगडांनी झाकलेला ढिगारा, कोयनेच्या धरणाचं काम अर्ध्यात टाकून लोक निघून गेल्यासारखा. आतून मधूनच गडगड ऐकू येते. मग डावीकडे सहस्रधारा, नीलकंठाच्या अंगाने कड्यावरून पाण्याचे दोरे सुटलेले, मोजत बसलं तर दिवस जाईल. त्यापुढे चक्रतीर्थ, सपाट गवताचं मैदान, ४,१०० मीटरच्या वर. पहाटे बाटलीत बर्फ झालेला होता.

कोणता पांडव कुठे पडला हे पोर्टर वाटेत दाखवत जातात. आमच्या दोन पोर्टरांनी नकुलाच्या दोन वेगळ्या जागा दाखवल्या आणि त्यावरून वादही घातला. चक्रतीर्थ अर्जुनाचं, एवढ्यावर दोघांचं जमलं. (कुत्र्याचं विचारणार असाल तर हो, माता मूर्तीपासून एक काळा केसाळ कुत्रा मागे लागला होता. आनंदवनात बिस्किटं संपली, तो परत गेला.)

तिसरा दिवस खरा. चक्रतीर्थासमोरची डोंगराची धार उभी आहे, पण चढ तुम्हाला नवा नाही. धारेपलीकडे जे आहे ते नवं. सह्याद्रीत आपण कातळावर बिनदिक्कत पाय टाकतो, कारण तो कातळ कुठे जात नाही. इथे टीव्हीएवढे, फ्रिजएवढे दगड बर्फावर नुसते ठेवलेत, आणि खालचा बर्फ वितळतोय. दगड स्थिर दिसतो, पाय दिला की वळतो. पायवाट नाही, लोकांनी रचलेल्या दगडांच्या छोट्या उतरंडी आहेत, आणि मागच्या महिन्यातली उतरंड या महिन्यात खचलेली असते. गाईड लागतो तो इथे. दम घेण्यासाठी मध्ये बसायला गेलं तर बूड टेकायचा दगडही डुगडुगतो. त्या चार-पाच किमीला मला जाताना पाच तास लागले. तुमचे कळसूबाईचे अडीच तास घरी ठेवून या.

२०१९ ला मी हेच चुकले. पहिले दोन दिवस सगळ्यांच्या पुढे. पोर्टर म्हणाला, "दीदी, धीरे." मला वाटलं कौतुक करतोय. चक्रतीर्थावर रात्री डोकं फुटायला लागलं, जेवण नको, पाणी नको. पहाटे बाकीचे तलावाकडे निघाले आणि मी एका पोर्टरबरोबर लक्ष्मीवनाला उतरले. दुपारपर्यंत भूक लागली, म्हणजे निर्णय बरोबर होता. पण राग चार वर्षं टिकला.

२०२३ ला सगळ्यांच्या मागे चालले. पहाटे पावणेपाचला निघालो, कारण अकरानंतर ढग भरतात. शेवटच्या दगडांवरून खाली पाहिलं तर तलाव एकदम पायाशी. तिकोनी, हिरवट, वर चौखंबा (७,१३८ मीटर). तीन कोपऱ्यांवर ब्रह्मा, विष्णू, महेश एकादशीला स्नान करतात म्हणतात. पाण्यात काडी पडली तर पक्षी उचलून नेतात असं गाईडने सांगितलं. पक्षी मला दिसला नाही, पण काडीही दिसली नाही. माझ्या हातून फोटो दोनच निघाले, बोटं वळत नव्हती.

तर्पण ओंजळीने करा. तीळ चालतील, पण पिशवी, काडेपेटी, द्रोण सगळं परत आणा. ब्रह्मकपाळनंतर पुन्हा तर्पण करावं का, हे गुरुजींना विचारा. मी विचारलं नव्हतं. आजोबांसाठी पाणी सोडलं आणि पाच मिनिटांत निघालो, ढग आले होते.

तलावावर मुक्काम करू नका, त्याच दिवशी चक्रतीर्थ, चौथ्या दिवशी लक्ष्मीवन किंवा दम असेल तर थेट बद्रीनाथ. आणि एक दिवस हवामानासाठी हातचा. म्हणजे बद्रीनाथपासून बद्रीनाथ पाच-सहा दिवस धरा. खायला मेथीचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी न्या. तिथल्या मॅगीला तिसऱ्या दिवशी पोट नाही म्हणतं.

---

रात्रपाळी (कोल्हापूर)

फिजिशियन आहे, सतोपंथ पाहिलेला नाही. वरच्या ताईंचा कार्यक्रम वैद्यकीय दृष्टीनेही बरोबर आहे. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा फार वाढवू नये. बद्रीनाथला दोन रात्री न थांबता निघालात तर हा हिशेब मोडतो.

उंचीचा त्रास टाळायची गोळी अ‍ॅसिटाझोलामाइड (लोक डायमॉक्स म्हणतात) सहसा १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. पण तुमची बीपीची गोळी कुठली ते पाहिल्याशिवाय नको. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, डायमॉक्सही तेच काम करतं. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तरी आधी सांगा. बीपीची गोळी मनाने बंद करू नका, "डोंगरात बरं वाटतं" म्हणून बंद करणारे मी पाहिलेत.

डोकेदुखी आणि मळमळ असली तर तिथेच थांबायचं, वाढली तर उतरायचं. बसल्या जागी धाप, खोकला, किंवा सरळ रेषेत चालता न येणं, यापैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी उतरायचं. हे गाईडला आणि तंबूतल्या सोबत्याला आधी सांगून ठेवा, कारण ज्याला होतं त्याला आपण ठीक आहोत असंच वाटत असतं.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं. पांडुकेश्वरचं ऐकून ती म्हणाली, बद्रीनाथला तसंही तिला दोनच दिवस राहायचं होतं, माझ्यासाठी गप्प होती. बायकोने सहस्रधारेपर्यंत येऊ का विचारलंय, त्यावर घरात चर्चा चालू आहे. एजंटाला नको म्हणून कळवलं. तो म्हणतो, "साहेब, लोक करतात." डॉक्टरसाहेब, बीपीच्या गोळीत लघवीचं औषध निघालं, उद्या डॉक्टरांकडे जातो.

ताई, एक विचारायचं राहिलं. "भात-डाळ शिजत नाही" असं कुठेतरी वाचलं. कुकर न्यावा का? पोर्टरवर वजन पडेल म्हणून संकोच वाटतो.

---

सज्जनगडची

न्या. चक्रतीर्थावर पाणी ८६-८७ अंशालाच उकळतं, डाळ तासभर नुसती नाचते. आधी विचारा, बऱ्याचदा त्यांच्याकडेच असतो. नसेल तर तीन लिटरचा बास. शिट्टी वेगळी काढून खिशात ठेवा. आमची पहिल्या खेपेला लक्ष्मीवनात राहिली होती.