मदत हवी आहे: काट्याचा प्रोग्राम सर्व्हरच्या उत्तरापायी गोठते

काटा_पांढरकवडा
जिनिंगच्या वजनकाट्यावर (कापसाच्या गाड्या मोजतो तिथं) 'पावती' दाबलं का स्क्रीन गोठते. नागपूरच्या सर्व्हरचं उत्तर आलं का सुटते, नेट गेलं तर सुटतच नाही. कॉल असिंक (उत्तराची वाट न पाहता पुढं जाणारा) केला तरी तेच. बाहेर गाड्यांची रांग लागली आहे, लवकर सांगा राजेहो.

पऱ्हाटी
असिंक केला म्हणजे नेमकं काय केलं? भाषा? लायब्ररी? खिडकी कशात बनवली?

काटा_पांढरकवडा
पायथन, जीआरपीसी (सर्व्हरला कॉल करायची लायब्ररी), टीकेइंटर (खिडक्या बनवायची). बटणाच्या फंक्शनमध्ये असिंकआयओ.रन() आहे.

गावरान
यूपीएस तपासा आधी.

पऱ्हाटी
यूपीएसचा काय संबंध? रन() काम संपेपर्यंत परतत नाही, म्हणून खिडकीचा मुख्य थ्रेड (कामाचा धागा) तिथंच उभा राहते. आत कितीही अवेट लिहा, फरक पडत नाही. आणि टाइमआउट दिला नाही तर जीआरपीसी स्वतःहून मुदत लावत नाही, म्हणून नेट गेल्यावर सुटत नाही.
साधा सिंक स्टबच (सर्व्हरच्या मेथड बोलावणारा ऑब्जेक्ट) ठेवा. कॉल करताना मेथडच्या नावापुढे .फ्यूचर(विनंती, टाइमआउट=१०) लावा, ते लगेच परतते. मग ॲड_डन_कॉलबॅकनं उत्तर आल्यावर चालायचं फंक्शन (कॉलबॅक) जोडा. पण कॉलबॅक दुसऱ्या थ्रेडवर चालते, तिथून लेबल-बटणाला हात लावू नका. उत्तर क्यूमध्ये (रांगेत) टाका आणि रूट.आफ्टर(१००, …) नं दर १०० मिलिसेकंदांनी क्यू उपसा. बटणातच .रिझल्ट() मागितला तर पुन्हा गोठलंच समजा.

मेळघाट_लिनक्स
फ्यूचर कशाला? जीआरपीसी.एआयओ (त्याचंच असिंक रूप) वापरा. मागं एक थ्रेड, त्यात एकच लूप (असिंक कामं आलटूनपालटून चालवणारा), काम रन_कोरूटीन_थ्रेडसेफनं सोडायचं. चॅनेल (सर्व्हरशी जोडणी) त्याच लूपमध्ये आणि एकदाच उघडा. दर पावतीला नवं चॅनेल म्हणजे दरवेळी नवं टीसीपी (जोडणी), नवं टीएलएस (तिचं कूटलेखन).

पऱ्हाटी
एका वेळी एक गाडी काट्यावर चढते भाऊ, तिच्यासाठी लूप! चॅनेल एकच ठेवा, हे मात्र बरोबर.

मेळघाट_लिनक्स
उद्या चार काटे झाले तर?

पऱ्हाटी
चार फ्यूचर.

दलाल_वणी
पावतीवर ओलाव्याचा रकाना आहे का? सीसीआय (सरकारी कापूस खरेदी महामंडळ) ८ टक्के धरून भाव देते, १२ च्या वर घेत नाही.

मुनीम
ओलावा राहू द्या. १० सेकंदांनी 'डेडलाइन एक्सीडेड' (मुदत संपली) आलं म्हणजे सर्व्हरनं लिहिलं नाही असं नव्हे. लिहिलंही असेल, उत्तर वाटेत राहिलं असेल. तेच वजन पुन्हा पाठवलं तर शेतकऱ्याच्या नावावर दोन पावत्या. म्हणून यूयूआयडी (प्रत्येक पावतीचा वेगळा ओळख-क्रमांक) काट्यावरच बनवा, पुन्हा पाठवताना तोच ठेवा, सर्व्हरच्या टेबलात त्यावर युनिक (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेण्याची अट) लावा. पाठवण्याआधी नोंद एसक्यूलाइटमध्ये (काट्याच्याच कॉम्प्युटरवरच्या डेटाबेसमध्ये). बटण दाबल्याबरोबर डिसेबल.

काटा_पांढरकवडा
फ्यूचर लावलं, गोठणं थांबलं. पण नेट नसताना प्रोग्राम सुरू केला तर १० सेकंद न थांबता झटकन 'अनअव्हेलेबल' (सर्व्हर मिळत नाही) येते. काऊन?

पऱ्हाटी
जोडणीच होत नसली तर कॉल ताबडतोब पडते, तो मुदतीची वाट पाहत नाही. वेट_फॉर_रेडी=ट्रू द्या, मग मुदत संपेपर्यंत थांबते. टाइमआउट मात्र काढू नका, नाहीतर कॉल तसाच लटकून राहील.