मदत हवी आहे: फियाट ११०० डिलाईट पन्हाळा चढताना बंद पडते, पेट्रोल का करंट?

फियाटवाले_काका (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. गाडी १९६९ ची फियाट ११०० डिलाईट, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, इंजिन तेच मूळचं १०८९ सीसी, गिअर स्टेअरिंगजवळ. गावात कितीबी फिरवा तक्रार नाही, रंकाळा झाला, महाद्वार रोडची गर्दी झाली, मुकाट चालते. पण उन्हाचं पन्हाळ्याला निघालो आणि वाघबीळ सोडून चढाला लागलो की थोड्या वेळात झटके द्यायला लागते, कार्बोरेटरमधनं शिंकल्यासारखी फट् फट् करते आणि बंद. बॉनेट उघडून झाडाखाली बसायचं, अर्ध्या तासानं एका सेल्फला चालू, जसं काय झालंच नाही. पहाटे गारव्याला गेलो तर मात्र थेट तबक उद्यानापर्यंत एका दमात. टेंपरेचरचा काटा मधेच असतो, पाणी उकळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे पहिला सल्ला रेडिएटरचा नको यायला.

एसी पंपाचा (इंजिनला पेट्रोल ओढून देणारा, गार हवेचा एसी नव्हे) डायफ्राम नवा टाकलाय, कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) फुंकून घेतलेत, टाकीतला गाळ काढलाय, प्लग आणि पॉइंट नवे. करंटचा कंडेन्सर जुनाच ठेवलाय कारण बाजारात मिळतोय तो कुठला माल आहे देव जाणे, मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या (आपल्या फियाटचंच पुढचं नाव) २०२३ ला रस्त्यावरनं गेल्या तेव्हापासनं चांगलं स्पेअर मिळणं अजून अवघड झालंय. एक मिस्त्री म्हणतो पाईपात पेट्रोलचा गॅस होतोय, दुसरा म्हणतो कॉईल (प्लगच्या ठिणगीचा करंट बनवणारी) तापून करंट मरतोय. दोघंबी छातीठोक.

त्यात आता पंपावर सगळीकडं ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल). आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच फियाटला बाधतंय काय कळंना, आणि माझा पण ऊस कारखान्यालाच जातो, तक्रार करायची कुणाकडं!

पुतण्या म्हणतो काका मारुतीचं इंजिन टाका, एसी बसवा, विषय कट. माझा कस्टमला विरोध नाही ओ, लहानपणी दसरा चौकात सोनं लुटायला जायचो ते खरं महाराजांची मेबॅक बघायला, तेव्हापासनं हा नाद, आणि ऐन उमेदीत विलीज जीपला डिझेल इंजिन बसवून हुडापासनं सगळं स्वतः उभं राहून करून घेतलंय. पण जीपचं वेगळं, ती शेतावर राबायची. फियाटचं इंजिन काढलं तर मागं राहिलं काय, पत्रा. तर १) हे पेट्रोल का करंट हे पक्कं कसं ओळखायचं २) इलेक्ट्रिक पंप लावला तर पुढं व्हिंटेज नोंदणीला अडचण येते का?

मिस्त्री_उद्यमनगर

काका, कार्बोरेटरमधनं शिंकते म्हणजे हवा-पेट्रोलचं मिक्श्चर पातळ होतंय, पेट्रोल कमी पडतंय. करंट गेला तर बहुतेक वेळा एकदम खटका दाबल्यासारखी बंद होते. तरीपण अंदाजावर पैसे घालवू नका. पुढच्या वेळी बंद पडली की झाडाखाली बसायचं नाही, त्याच अर्ध्या तासात चोर सापडतो. आधी करंट बघा: डेल्कोच्या (प्लगांना करंट वाटणारा डबा) मधली वायर काढून, पकडीला रबर असलेल्या पक्कडनं ब्लॉकपासनं थोडी लांब धरा आणि कुणालातरी सेल्फ मारायला लावा. निळा, कडक ठिणगा आला तर कॉईल-कंडेन्सर दोन्ही सोडून द्या. पिवळा मरतुकडा आला तर कंडेन्सर नाहीतर कॉईल. मग फडकं पाण्यात भिजवून एसी पंपावर आणि पाईपावर ठेवा. लगेच चालू झाली तर गॅस लॉक, दुसरं काय नाही. पेट्रोलचा पाईप सोडून करंट बघत बसू नका, तापलेल्या सायलेन्सरवर थेंब पडला तर गाडीच जाईल.

पद्मिनी_पुणे

माझ्या ८२ च्या पद्मिनीला सेम. पंप आणि ब्लॉकच्या मधे बेकेलाईटची (गरमी अडवणारं कडक प्लास्टिक) जाड पट्टी आहे का बघा, पंप खोलल्यावर बरेच मिस्त्री ती हरवतात आणि नुसतं कागदी पॅकिंग टाकतात, मग ब्लॉकची सगळी गरमी पंपात. पट्टीची जाडी मूळचीच पाहिजे, नाहीतर पंपाचा दांडा कमी-जास्त हलतो. पाईप एक्झॉस्टपासून लांबून फिरवा. आणि ई-२० मुळे मिक्श्चर अजून पातळ होतं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे मेन जेट एक नंबर मोठा लागतो. जुने रबरी पाईप तर बदलाच, इथेनॉल ते खातं. महिनोन्महिने टाकी भरून गाडी उभी ठेवू नका, ओल धरून पाणी तळाला बसतं.

आरटीओ_वारी

काका, नियम नीट बघा. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज. नवीन नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नंतर नूतनीकरण ५,०००. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पंपासारख्या गोष्टीला मोठा बदल म्हणणार नाहीत असं मला वाटतं, पण मूळ पंप जपून ठेवा. मारुतीचं इंजिन टाकलं की मात्र विषयच संपला, शिवाय परवानगीशिवाय टाकलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ ला तेच सांगितलंय. खरी गोम पुढं आहे: व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. तुमचा रंकाळा बंद!

फियाटवाले_काका (कोल्हापूर)

रंकाळा बंद म्हणजे काय, मग दर ५ वर्षांनी पासिंगच करून घेतो. गाडी झाकून ठेवायला नाही घेतली.

काल भर दुपारी मुद्दाम नेली. ठरल्या जागी बंद. करंट निळा, कडक. ओलं फडकं पंपावर ठेवलं आणि दुसऱ्या सेल्फला चालू! पुतण्या सोबत होता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. घरी येऊन पंप उतरवला तर बेकेलाईटची पट्टी नाहीच, नुसतं पॅकिंग. कुणाकडं मूळ पट्टी असली तर जाडी मोजून सांगा राव.

मिस्त्री_उद्यमनगर

माझ्याकडं जुन्या इंजिनाची पडून आहे, नमुन्याला घेऊन जावा, तशीच बेकेलाईटमधून कापून घेऊ. दांड्याची लांबी पण मोजूनच बसवू. इलेक्ट्रिक पंप आत्ता नको.

फियाटवाले_काका (कोल्हापूर)

उद्या दुपारनंतर येतो. आणि एक नंबर मोठा मेन जेट कुणाकडं जास्तीचा असला तर सांगा, सॉलेक्स कार्बोरेटरचा पाहिजे, पैसे लगेच देतो.